विवाहितेचे अस्तित्व : एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडचा धडा

इंग्रज स्त्री म्हटली की आमच्या मागील पिढ्यांच्या डोळ्यांपुढे घोड्यावरून रपेट करणारी मडम उभी राहत असे. स्वातंत्र्य ही तिची उपजत मिळकतच, असा समज त्यातून रूढ झाला. इतिहास मात्र निराळे सांगतो. ज्या देशाच्या सिंहासनावर १८३७ पासून १९०१ पर्यंत एक स्त्री विराजमान होती, त्याच देशात त्या राजवटीच्या प्रारंभी विवाहितेला कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र अस्तित्वच नव्हते.

इंग्लंडच्या परंपरागत कायद्याप्रमाणे विवाहानंतर पती-पत्नी मिळून एकच व्यक्ती होत, आणि ती व्यक्ती म्हणजे पती! पत्नीची रोकड, सामानसुमान, मजुरी ही सारी पतीची. तिची जमीन तिच्या संमतीवाचून त्याला विकता येत नसे, परंतु तिचे उत्पन्न त्याचेच. तिला स्वतःच्या नावे करार करता येत नसे, फिर्याद गुदरता येत नसे. धनिक पिता विश्वस्त नेमून कन्येचे द्रव्य राखी; परंतु गिरणीत राबणाऱ्या स्त्रीसाठी विश्वस्त कोठून यावयाचा?

या व्यवस्थेचे दाहक रूप जगापुढे आणले ते कॅरोलिन नॉर्टन या लेखिकेने. १८२७ मध्ये त्यांचा विवाह झाला. तीन मुलगे झाले. परंतु संसार सुखाचा नव्हता. १८३६ मध्ये पतीने प्रत्यक्ष पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांच्यावर या पत्नीच्या संबंधात व्यभिचाराचा दावा लावला. ज्युरीने जागेवरून न उठता तो फेटाळला. ज्या स्त्रीच्या अब्रूचा हा खटला, तिला मात्र त्यात पक्षकार म्हणून स्थान नव्हते की साक्षीची मुभा नव्हती. दावा हरूनही मुले पतीकडेच राहिली, कारण कायद्याने मुले बापाची.

नॉर्टनबाईंनी लेखणी उचलली. त्यांच्या पत्रकांचा परिणाम होऊन १८३९ मध्ये कायदा झाला व सात वर्षांखालील मुलांच्या ताब्यासाठी आईला न्यायालयात अर्ज करण्याची सोय झाली. परंतु त्यांची मुले स्कॉटलंडमध्ये ठेवलेली. तेथे हा कायदा लागू नव्हता! १८४२ मध्ये धाकटा मुलगा घोड्यावरून पडून दगावला. आई पोहोचली तेव्हा सारे आटोपले होते. पुढे त्यांच्या ग्रंथांच्या उत्पन्नावरही पतीने हक्क सांगितला. विशेष हे की, नॉर्टनबाई समानतेच्या पुरस्कर्त्या नव्हत्या. स्त्रीचे स्थान पुरुषाहून खालचे, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्यांना हवे होते ते केवळ संरक्षण.

यानंतर बंधने एकेक करून सैल झाली. १८५७ मध्ये घटस्फोटाचे न्यायालय स्थापन झाले. परंतु पतीला पत्नीचा व्यभिचार पुरे, पत्नीला मात्र त्याखेरीज क्रौर्य वा परित्यागासारखा आणखी एखादा अपराध सिद्ध करावा लागे. हा भेद १९२३ पर्यंत टिकला. १८७० च्या कायद्याने पत्नीची कमाई तिची झाली, व १८८२ च्या कायद्याने तिची सर्व मिळकत. १८८४ मध्ये, पतीकडे नांदावयास जाण्याचा हुकूम न पाळल्याबद्दलची कैद रद्द झाली.

येथे आम्हांस आपल्या मुंबईचे स्मरण होते. त्याच १८८४ साली रखमाबाईंवर त्यांच्या पतीने नांदावयास येण्याचा दावा लावला. असा दावा मूळ हिंदू धर्मशास्त्रातला नव्हे, तो इंग्लंडहून आला, असे १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी स्पष्ट म्हटले. तरीही अपिलानंतर, १८८७ मध्ये, पतीकडे जा अथवा सहा महिने कैद भोगा, असा हुकूम झाला. इंग्लंडने टाकून दिलेली शिक्षा येथे जिवंतच होती! रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ मध्ये तडजोड झाली, आणि पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या.

आज आमच्या कन्यांना १९५६ च्या व २००५ च्या कायद्यांनी वारसाहक्क दिला आहे. तरी वडिलांच्या पश्चात बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद सरकविला जातो, व 'माहेर तुटू नये' म्हणून ती सही करते. इंग्लंडात कायदा स्त्रीचे अस्तित्व पुसत होता. आमच्याकडे ते काम घरातील भिडेने होऊ नये. ज्ञातिबांधवांनी तो कागद पुढे करण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढीच आमची विनंती.