दाहक आंत्रविकारांवरील औषधे : पांढुर्णा-सौंसर परिसर

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्यांच्या दीर्घकालीन दाहावरील औषधांचा हा आढावा पांढुर्णा-सौंसर परिसरापुरता आहे. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्य प्रदेशातील छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात पांढुर्णा व सौंसर हे दोन मराठीभाषक तालुके येतात. मोठ्या दुखण्याला नागपूर गाठायचे, ही इथली जुनी रीत. त्यामुळे औषधाच्या खर्चात गाडीभाडे आणि बुडालेली मजुरीही धरावी लागते.

शौचातून आव-रक्त पडले की आधी मुरडा किंवा मूळव्याध समजून उपचार होतात. क्रोन्स आणि आतड्याचा क्षय यांची लक्षणे इतकी मिळतीजुळती असतात की अनेकांना आधी क्षयाची औषधे दिली जातात.

कोलायटिसमध्ये मेसालामाइन हा मुख्य आधार आहे. ते बरेच सुरक्षित असले तरी मूत्रपिंडाची तपासणी अधूनमधून करावी लागते. क्रोन्समध्ये त्याचा उपयोग फारसा नाही, तरीही ते सर्रास लिहून दिले जाते. हा खर्च टाळता येण्याजोगा आहे. जुने सल्फासॅलाझिन स्वस्त आहे, मात्र जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात.

सर्वाधिक काळजी स्टेरॉइडची घ्यावी लागते. १९५५ साली ट्रुलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी कोलायटिसवर कॉर्टिसोनचा गुण सिद्ध केला, आणि प्रेडनिसोलोन आजही काही रुपयांत मिळते. चार दिवसांत आराम पडतो, म्हणून जुन्याच चिठ्ठीवर ते महिनोन्‌महिने चालू राहते. हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, मोतीबिंदू येतो, जंतुसंसर्ग बळावतो. आजार दीर्घकाळ शांत ठेवण्याचे काम मात्र ते करत नाही. तरीही ते एकदम बंद करणे धोक्याचे असते. मात्रा टप्प्याटप्प्यानेच उतरवावी लागते.

अॅझाथायोप्रिनही स्वस्त, पण गुण यायला दोन-तीन महिने लागतात. एनयूडीटी१५ या जनुकातील भेद भारतीयांत बऱ्यापैकी आढळतो. अशा रुग्णाच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घसरतात. केस अचानक गळू लागणे ही त्याची खूण असू शकते.

इन्फ्लिक्सिमॅब, अॅडालिमुमॅब ही इंजेक्शने महाग. डिसेंबर २०१४ मध्ये झायडस या औषध कंपनीने अॅडालिमुमॅबचे जगातले पहिले जैवसदृश औषध भारतात आणले. तेव्हा एका कुपीची किंमत सुमारे २०० डॉलर होती, म्हणजे अमेरिकेतल्या किमतीच्या जवळपास पाचवा हिस्सा. तरीही शेतमजुराच्या घराला ती झेपणारी नव्हती. शरीरात दबलेला क्षय या औषधांनी उसळतो, म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी हवीच. औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. मे महिन्यातल्या विदर्भी उन्हात नागपूरहून ते आणणे हेच एक काम होते. टोफासिटिनिबच्या गोळीला थंडाव्याची गरज नसते आणि तिची भारतीय रूपे त्यामानाने स्वस्त आहेत. पण नागीण व रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका राहतो.

आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांपुरते. वर्षानुवर्षे रोज घ्यायच्या गोळ्या खिशातूनच. त्यामुळे बरे वाटले की गोळी सुटते आणि आजार उलटतो. रक्तपेशींची नियमित तपासणी पांढुर्ण्यात किंवा सौंसरला करून अहवाल नागपूरच्या डॉक्टरांना फोनवर पाठवता येतो. त्यांनी संमती दिल्यास प्रत्येक खेपेचे भाडे वाचते.