बालकांमधील सेप्सिस : व्याख्या आणि वेळीच ओळख

कोलकाता : २०२३ च्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत ॲडेनोविषाणूच्या साथीमुळे कोलकात्यातील बालरुग्णालयांवर मोठा ताण आला होता. फूलबागान येथील डॉ. बी. सी. रॉय बालरुग्णालयात पश्चिम बंगालच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून ताप आणि श्वसनविकाराने ग्रस्त बालके दाखल होत होती. अशा गर्दीत कोणत्या बालकाचा ताप साधा आहे आणि कोणते बालक सेप्सिसकडे झुकत आहे, हे ओळखणे डॉक्टरांच्या कसोटीचे ठरते.

संसर्गाला प्रतिकार करताना शरीराचा प्रतिसाद भरकटतो आणि स्वतःच्याच अवयवांना इजा पोहोचवतो, या जीवघेण्या अवस्थेला सेप्सिस असे म्हणतात. जीवाणूंप्रमाणेच विषाणू, बुरशी आणि परजीवी यांच्यामुळेही तो उद्भवतो. न्यूमोनिया, डेंग्यू, विषमज्वर किंवा स्क्रब टायफस यांपैकी कोणताही आजार त्याचे मूळ असू शकतो. एका जागतिक अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१७ मध्ये जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख व्यक्तींना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी संबंधित होते. रुग्णांपैकी सुमारे २ कोटी पाच वर्षांखालील बालके होती.

व्याख्येतील बदल

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत शरीराचे तापमान, नाडीची गती, श्वासाची गती आणि रक्तातील पांढऱ्या पेशी या चार निकषांवर भर होता. संसर्गासोबत यांपैकी किमान दोन निकष बिघडलेले असल्यास, आणि त्यांत तापमान किंवा पांढऱ्या पेशींचा समावेश असल्यास, सेप्सिस मानला जाई. मात्र साध्या विषाणूजन्य तापातही नाडी आणि श्वास वाढतात. त्यामुळे सौम्य आजाराची अनेक बालके या व्याख्येत बसत.

जानेवारी २०२४ मध्ये ‘फिनिक्स’ निकष जाहीर करण्यात आले. अमेरिका, कोलंबिया, केनिया, चीन आणि बांगलादेश येथील रुग्णालयांमधील ३० लाखांहून अधिक नोंदींचा त्यासाठी अभ्यास करण्यात आला. श्वसन, रक्ताभिसरण, रक्त गोठण्याची क्रिया आणि मज्जासंस्था या चार बाबींतील बिघाडाला गुण दिले जातात. संसर्ग असलेल्या बालकाचे एकूण गुण २ किंवा अधिक झाल्यास सेप्सिसचे निदान होते. त्यांत रक्ताभिसरणाचा किमान १ गुण असल्यास त्यास सेप्टिक शॉक म्हटले जाते. मुदतपूर्व जन्मलेल्या आणि नुकत्याच जन्मलेल्या अर्भकांना हे निकष लागू नाहीत.

या अभ्यासात निकष पूर्ण करणाऱ्या बालकांपैकी साधनसंपन्न रुग्णालयांत ७.१ टक्के, तर अपुरी साधने असलेल्या रुग्णालयांत २८.५ टक्के बालके दगावली.

निकषांपूर्वीची ओळख

गुण २ पर्यंत पोहोचतात, तेव्हा अवयवांना इजा झालेली असते. म्हणूनच हे निकष निदान निश्चित करण्यासाठी आहेत. धोक्याची पहिली सूचना त्यांतून मिळत नाही. ती बालकाच्या निरीक्षणातूनच मिळते.

हातपाय थंड पडणे, नाडी जलद पण क्षीण होणे, त्वचेवर डाग किंवा निळसर छटा दिसणे, लघवी कमी होणे, दूध न पिणे, अतिसुस्ती किंवा सतत चिडचिड ही गंभीर लक्षणे होत. नख दाबून सोडल्यावर पुन्हा गुलाबी होण्यास तीन सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास रक्तपुरवठा मंदावल्याचे समजावे. दोन महिन्यांखालील अर्भकाने मिनिटाला ६० किंवा अधिक, एक वर्षापर्यंतच्या बालकाने ५० किंवा अधिक आणि पाच वर्षांपर्यंतच्या बालकाने ४० किंवा अधिक श्वास घेणे चिंताजनक आहे.

बालकांचा रक्तदाब बराच काळ टिकून राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. त्यामुळे रक्तदाब ठीक असल्याने धोका नाही, असे मानणे चुकीचे आहे. डेंग्यूमध्ये तर ताप उतरत असतानाच प्रकृती बिघडू शकते. लहान अर्भकात तापाऐवजी शरीर थंड पडणे हेही सेप्सिसचे लक्षण असते.

उपचारातील तारतम्य

२०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार शॉक असल्यास एका तासाच्या आत प्रतिजैविके सुरू करावीत. शॉक नसेल, तर तपासण्या करून तीन तासांच्या आत निर्णय घेता येतो. सरसकट प्रतिजैविके दिल्यास जीवाणूंमधील औषधप्रतिरोध वाढतो. शिरेतून सलाईन देतानाही तारतम्य आवश्यक असते. युगांडा, केनिया आणि टांझानियातील ३,१४१ बालकांच्या २०११ मधील अभ्यासात, अतिदक्षता विभागाची सोय नसलेल्या ठिकाणी वेगाने सलाईन दिलेल्या गटात मृत्यू अधिक आढळले.

एकदा तपासून सोडून न देता ठरावीक वेळाने पुन्हा तपासणे, हा सेप्सिस ओळखण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग मानला जातो. त्यासाठी महागड्या यंत्रांची गरज नसते. ‘आज मूल नेहमीसारखे नाही’ हे आईचे सांगणेही डॉक्टरांनी लक्षणाइतकेच गांभीर्याने घेणे आवश्यक आहे.