महामारीतले दोन उन्हाळे

विहाराच्या वर्धापनदिनी आनंदाचेच लिहावे, पण ती दोन वर्षे वगळून आपला इतिहास होत नाही.

२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली नि जोह्यातल्या कारखान्यांत गणपती अर्धवट राहिले. आपल्याही काही घरांची चूल याच रंगकामावर पेटते, लपवायचे कशाला? १४ एप्रिलची भीमजयंती घरोघरी मेणबत्ती लावून झाली. ३ जूनला निसर्ग वादळाने कौले नेली.

२०२१ च्या एप्रिलात आमची आई गेली. देह घरी आणू दिला नाही. अंत्यविधीला वीस माणसांची परवानगी, आम्ही चौघेच होतो. त्रिसरण-पंचशील भावाने मोबाईलवरून म्हटले. विहाराला कुलूप. पुण्यानुमोदन राहिले ते राहिलेच.

आई सावित्रीमाईंची गोष्ट नेहमी सांगायची. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाडांच्या आजारी मुलाला माईंनी पाठीवर घेऊन डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात नेले. त्याच रोगाने १० मार्चला माई गेल्या. आम्ही ती गोष्ट जयंतीच्या भाषणात कितीदा सांगितली असेल!

आईला रिक्षात बसवताना तिने हात पुढे केला होता. आम्ही तो धरला नाही.