नकुशीआत्या

आमच्या आत्याचं नाव नकुशी. आजीला चौथी मुलगी झाली तेव्हा ‘आता नको’ हे देवाला कळावं म्हणून ठेवलेलं. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे अशी नावं गावोगाव सापडायची. 2011 साली साताऱ्यात समारंभ करून 285 मुलींची ही नावं बदलली. आत्याचं मात्र लग्नातही बदललं नाही.

फेब्रुवारी 2001 मध्ये जनगणनेचं काम आम्हा शिक्षकांवर आलं. पंचगंगेकाठचं आमचं गाव; ऊस, दूध, दारोदार मोटारसायकली. नावं लिहिता लिहिता एक क्रम दिसायला लागला. थोरली, धाकटी, मग चार-पाच वर्षं कुणी नाही, मग मुलगा. पुढच्या घरी तेच.

नंतर आकडे आले. सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे कोल्हापूर जिल्ह्यात मुली 839. राज्यात 913, त्याआधीच्या गणनेत 946 होत्या. ज्या गडचिरोलीला आम्ही मागास म्हणायचो, तिथं 2011 लाही 961. जंगलात सोनोग्राफी पोचली नव्हती, आमच्याकडे तालुक्याला पोचली होती. पण सगळं उसाच्या पैशावर ढकलून चालत नाही. आमचा ऊस तोडायला माणसं येतात त्या कोरडवाहू बीडमध्ये दहा वर्षांत 894 वरून 807 झाल्या. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्याच राज्याचा, 1988 चा.

आमचं घर मी शेवटी घेतलं. दादाच्या दोन मुली, मग मोकळी वर्षं, मग मुलगा. त्या वर्षांत वहिनी ‘पोटाच्या दुखण्यासाठी’ दोनदा शहरात जाऊन आली. दोन्ही खेपेला पोरींपाशी मी थांबले होते. कशाला चाललीय, मला ठाऊक होतं. दुसऱ्या खेपेला परतल्यावर ती चार दिवस भिंतीकडे तोंड करून निजली. मी तिला पेज करून दिली, विचारलं काही नाही. शाळेत मात्र ‘मुलगा-मुलगी समान’ फळ्यावर लिहीत होते.

आत्या तेव्हा माहेरपणाला आलेली. म्हणाली, “लिव्हलंस व्हय समद्यांस्नी?”

“हो.”

“मला नगं म्हनून नाव ठिवलं बग. पर मला ठिवलं की गं.”

वहिनी तांदूळ निवडत होती. ती सूप घेऊन आत गेली. मी फॉर्मवर दादाची सही घेतली.