स्टॉप अँड फ्रिस्क (न्यूयॉर्क शहर)

स्टॉप अँड फ्रिस्क हे अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी अवलंबलेल्या एका कार्यपद्धतीचे प्रचलित नाव आहे. या पद्धतीत पोलीस अधिकारी रस्त्यावरील व्यक्तीला संशयावरून थोडा वेळ थांबवतो, तिची विचारपूस करतो आणि तिच्याजवळ शस्त्र असावे असे वाटल्यास तिच्या कपड्यांवरून हात फिरवून चाचपणी करतो. त्यासाठी न्यायालयाचे वॉरंट लागत नाही आणि त्या व्यक्तीला अटकही झालेली नसते. महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या कारकिर्दीत (२००२ ते २०१३) या पद्धतीचा वापर अनेक पटींनी वाढला. थांबवल्या गेलेल्यांपैकी बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय व लॅटिनो होते आणि त्यांतील बहुतेकांविरुद्ध पुढे कोणतीही कारवाई झाली नाही. त्यामुळे सार्वजनिक सुरक्षितता व नागरी स्वातंत्र्य यांच्या मर्यादांविषयी प्रदीर्घ वाद झाला. शहरात ही पद्धत ज्या रीतीने राबवली गेली ती राज्यघटनेचा भंग करणारी होती, असा निर्णय संघीय न्यायालयाने ऑगस्ट २०१३ मध्ये दिला.

संज्ञा

‘स्टॉप’ म्हणजे थांबवणे व ‘फ्रिस्क’ म्हणजे कपड्यांवरून चाचपणे. कायद्याच्या दृष्टीने या दोन स्वतंत्र कृती असून प्रत्येकीसाठी वेगळे कारण असावे लागते. व्यक्तीला थांबवण्यासाठी ती गुन्हा करत आहे, केला आहे किंवा करणार आहे असा संशय हवा. चाचपणीसाठी ती सशस्त्र व धोकादायक असल्याचा संशय हवा. मराठीतील ‘अंगझडती’ या शब्दातून जी सविस्तर तपासणी सूचित होते, तिच्यापेक्षा फ्रिस्क मर्यादित आहे. खिशात हात घालण्याचा अधिकार त्यातून आपोआप मिळत नाही.

कायदेशीर आधार

अमेरिकेच्या राज्यघटनेची चौथी दुरुस्ती (१७९१) नागरिकांना अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण देते. अटकेसाठी पोलिसांकडे ‘सबळ कारण’ असणे आवश्यक मानले जाते. त्यापेक्षा कमी पुराव्यावर एखाद्याला अडवता येईल काय, हा प्रश्न ‘टेरी विरुद्ध ओहायो’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला.

३१ ऑक्टोबर १९६३ रोजी क्लीव्हलँड शहरात मार्टिन मॅकफॅडन या अनुभवी गुप्तहेर अधिकाऱ्याला दोन व्यक्ती एका दुकानासमोरून आळीपाळीने पुनःपुन्हा जाऊन आत डोकावताना दिसल्या. दरोड्याची तयारी चालली असावी असे वाटून त्याने त्यांना अडवले व चाचपणी केली. दोघांकडेही पिस्तुले सापडली. सर्वोच्च न्यायालयाने १० जून १९६८ रोजी ८ विरुद्ध १ अशा बहुमताने ही झडती वैध ठरवली. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी लिहिलेल्या निकालानुसार अशा कृतीसाठी ‘वाजवी संशय’ पुरेसा आहे. मात्र तो अधिकाऱ्याला नेमकेपणाने सांगता येईल अशा तथ्यांवर आधारलेला असला पाहिजे. केवळ अंतर्मनातील शंका चालणार नाही. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी भिन्न मत नोंदवले. वॉरंट देणाऱ्या न्यायाधीशालाही नसलेला अधिकार या निकालाने पोलिसाला मिळतो, असा त्यांचा आक्षेप होता.

त्याच दिवशी ‘सिब्रॉन विरुद्ध न्यूयॉर्क’ या खटल्यात न्यायालयाने या अधिकाराची सीमाही दाखवून दिली. अमली पदार्थांचे सेवन करणाऱ्या लोकांशी बोलताना दिसलेल्या एका व्यक्तीच्या खिशात पोलिसाने हात घातला होता व त्यात हेरॉइन सापडले होते. अशा लोकांशी नुसते बोलणे हे झडतीचे कारण होऊ शकत नाही, असे सांगून न्यायालयाने ती झडती अवैध ठरवली. संशय हा त्या विशिष्ट व्यक्तीच्या वर्तनाविषयी असावा, तिच्या सोबत्यांविषयी नव्हे, हे तत्त्व पुढील वादात महत्त्वाचे ठरले.

न्यूयॉर्क राज्याने स्वतःचा यासंबंधीचा कायदा या निकालांपूर्वी, १९६४ मध्येच केला होता.

न्यूयॉर्कमधील विस्तार

१९९० मध्ये न्यूयॉर्क शहरात २,२४५ खून झाले. १९९४ मध्ये महापौर झालेले रूडी जुलियानी व त्यांचे पहिले पोलीस आयुक्त विल्यम ब्रॅटन यांनी किरकोळ गुन्ह्यांवरही कठोर कारवाईचे धोरण स्वीकारले. जेम्स विल्सन व जॉर्ज केलिंग यांनी १९८२ मध्ये मांडलेला ‘फुटक्या खिडक्यां’चा सिद्धांत हा त्याचा वैचारिक आधार होता. लहान बेशिस्तीकडे दुर्लक्ष केल्यास मोठे गुन्हे वाढतात, असे तो सिद्धांत सांगतो.

४ फेब्रुवारी १९९९ रोजी ब्राँक्समध्ये अमादू डियालो हा गिनी देशातून आलेला निःशस्त्र तरुण आपल्या घराच्या दारात पोलिसांच्या गोळीबारात मरण पावला. साध्या वेशातील चार पोलिसांनी त्याच्यावर ४१ गोळ्या झाडल्या होत्या. पुढील वर्षी चौघेही निर्दोष सुटले. या घटनेनंतर मोठी आंदोलने झाली. राज्याचे महाधिवक्ता एलियट स्पिट्झर यांनी १९९९ मध्ये पोलिसांनी भरलेल्या सुमारे १,७५,००० नोंदी तपासून अहवाल प्रसिद्ध केला. गुन्ह्यांच्या प्रमाणातील फरक हिशेबात घेऊनही कृष्णवर्णीयांना श्वेतवर्णीयांपेक्षा २३ टक्के व लॅटिनोंना ३९ टक्के अधिक वेळा थांबवले जाते, असा त्याचा निष्कर्ष होता. याच काळात दाखल झालेला ‘डॅनियल्स’ खटला २००३ मध्ये तडजोडीने मिटला. वांशिक आधारावर संशय घेण्यास मनाई करणारे लेखी धोरण पोलीस दलाने मान्य केले.

प्रत्यक्षात मात्र त्यानंतर थांबवण्याच्या घटना वाढतच गेल्या. पोलीस आयुक्त रेमंड केली यांच्या काळात अधिक गुन्हे घडणाऱ्या लहान भागांत नवप्रशिक्षित पोलीस मोठ्या संख्येने नेमण्यात आले. पोलिसांनी नोंदवलेल्या घटनांची संख्या पुढीलप्रमाणे होती:

२००२ – ९७,२९६
२०११ – ६,८५,७२४
२०१२ – ५,३२,९११
२०१३ – १,९१,८५१
२०१४ – ४५,७८७
२०१५ – २२,५६५

समर्थकांची भूमिका

ब्लूमबर्ग व केली यांच्या मते या पद्धतीचा मुख्य हेतू रस्त्यांवरील बेकायदा बंदुका कमी करणे हा होता. झडतीची शक्यता असली की तरुण बंदूक घरी ठेवून बाहेर पडतात. म्हणून शस्त्र न सापडणे हे अपयश नसून धाक बसल्याचे लक्षण आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. थांबवलेल्यांचे वांशिक प्रमाण शहराच्या लोकसंख्येशी ताडून पाहणे चूक आहे. ते बळी व साक्षीदार यांनी केलेल्या संशयितांच्या वर्णनाशी ताडावे, असेही ते म्हणत. हिंसक गुन्ह्यांचे बळी बहुतांशी कृष्णवर्णीय व लॅटिनो वस्त्यांतीलच असल्याने पोलिसांचे संरक्षणही तेथेच अधिक पोहोचले पाहिजे, हा या भूमिकेचा सर्वांत प्रभावी भाग होता. त्या वस्त्यांतील काही रहिवाशांनाही तो मान्य होता.

टीकाकारांची भूमिका

नागरी हक्क संघटनांचा आक्षेप असा, की गुन्हेगाराचे वर्णन ‘कृष्णवर्णीय तरुण’ असे असल्यामुळे प्रत्येक कृष्णवर्णीय तरुण संशयित ठरत नाही. ज्यांना थांबवले गेले ते बहुतांशी निरपराध होते. म्हणून गुन्हेगारांचे वांशिक प्रमाण त्यांना लावणे तर्काला धरून नाही. नोंदीच्या छापील अर्जावर ‘चोरट्या हालचाली’ किंवा ‘अधिक गुन्ह्यांचा भाग’ अशा चौकटींवर खूण करणे पुरेसे समजले जाई. अशी कारणे जवळजवळ कोणालाही लागू पडू शकतात.

ब्रुकलिनमधील एका पोलीस ठाण्यातील अधिकारी एड्रियन स्कूलक्राफ्ट याने तेथील हजेरीच्या वेळचे संभाषण गुप्तपणे ध्वनिमुद्रित केले होते. ते २०१० मध्ये वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाल्यावर, वरिष्ठ अधिकारी ठरावीक संख्येने लोक थांबवण्यासाठी दबाव आणतात या आरोपाला बळ मिळाले. थांबवलेल्या पण निरपराध ठरलेल्या व्यक्तींची नावे पोलिसांच्या संगणकीय संग्रहात राहत असत. राज्यपाल डेव्हिड पॅटरसन यांनी जुलै २०१० मध्ये मंजुरी दिलेल्या कायद्याने ही प्रथा बंद झाली. १७ जून २०१२ रोजी, पितृदिनी, हजारो नागरिकांनी फिफ्थ अव्हेन्यूवरून मूक मोर्चा काढला.

फ्लॉइड खटला

‘फ्लॉइड विरुद्ध न्यूयॉर्क शहर’ हा सर्व बाधित नागरिकांच्या वतीने केलेला प्रातिनिधिक दावा २००८ मध्ये दाखल झाला. त्याची सुनावणी २०१३ च्या वसंत ऋतूत न्यायाधीश शिरा शाइन्डलिन यांच्यासमोर झाली. जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळातील ४४ लाख घटनांच्या नोंदी न्यायालयापुढे होत्या. त्यांतून पुढील बाबी समोर आल्या. थांबवलेल्यांपैकी ५२ टक्के कृष्णवर्णीय, ३१ टक्के लॅटिनो व १० टक्के श्वेतवर्णीय होते. २०१० च्या जनगणनेनुसार शहरातील त्यांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे २३, २९ व ३३ टक्के होते. ८८ टक्के घटनांत अटक किंवा समन्स यांपैकी काहीही झाले नाही. निम्म्याहून अधिक व्यक्तींची चाचपणी झाली, पण त्यांपैकी केवळ १.५ टक्के जणांकडे शस्त्र सापडले. कोणत्या गुन्ह्याचा संशय होता हे न लिहिलेल्या नोंदींचे प्रमाण २००४ मधील १ टक्क्यावरून २००९ मध्ये ३६ टक्क्यांवर गेले होते.

१२ ऑगस्ट २०१३ च्या निकालात न्यायाधीशांनी चौथ्या दुरुस्तीचा, तसेच कायद्यासमोर समान संरक्षणाची हमी देणाऱ्या चौदाव्या दुरुस्तीचा भंग झाल्याचे म्हटले. ही पद्धत गुन्हे रोखण्यास उपयुक्त आहे की नाही हा आपल्यापुढील प्रश्नच नाही, घटनाबाह्य मार्ग परिणामकारक असला तरी तो वापरता येत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. त्यांनी ही पद्धत पूर्णपणे बंद केली नाही. सुधारणांवर देखरेख करण्यासाठी पीटर झिमरॉथ या वकिलांची नेमणूक, काही ठाण्यांतील पोलिसांच्या अंगावर प्रायोगिक तत्त्वावर कॅमेरे आणि प्रशिक्षण व नोंदींत बदल, असे आदेश त्यांनी दिले. ‘टेरी’ निकाल अबाधित असल्याने वाजवी संशयावरून थांबवणे आजही संपूर्ण अमेरिकेत कायदेशीर आहे. २०१६ च्या अध्यक्षीय वादविवादात हा विषय निघाला, तेव्हा या दोन गोष्टींची गल्लत झालेली दिसली.

निकालानंतरच्या घडामोडी

त्याच ऑगस्टमध्ये शहर परिषदेने ब्लूमबर्ग यांचा नकाराधिकार डावलून पोलीस दलासाठी महानिरीक्षक नेमणारा व वांशिक भेदभावाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क वाढवणारा कायदा संमत केला. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी अपील न्यायालयाने निकालाच्या अंमलबजावणीस स्थगिती दिली. शाइन्डलिन यांच्या निःपक्षपातीपणाविषयी शंका घेण्यास जागा निर्माण झाली, असे सांगून त्यांच्याकडून खटलाही काढून घेतला; मात्र निकाल रद्द केला नाही. नवे महापौर बिल डी ब्लासिओ यांनी जानेवारी २०१४ मध्ये अपील मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला आणि सुधारणांचा मार्ग मोकळा झाला. ब्लूमबर्ग यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रुकलिनमधील एका चर्चमध्ये या धोरणाबद्दल जाहीर माफी मागितली.

परिणामकारकतेविषयी संशोधन

संशोधकांत एकमत नाही. रँड संस्थेच्या २००७ च्या अभ्यासात, संशयितांच्या वर्णनाशी तुलना केल्यास वांशिक तफावत बरीच कमी दिसते, असे आढळले. त्याच वर्षी अँड्र्यू गेलमन, जेफ्री फेगन व ॲलेक्स किस यांच्या संशोधनात मात्र गुन्ह्यांचे प्रमाण व परिसर हिशेबात घेऊनही ती टिकून राहिल्याचे दिसले. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, अधिक गुन्हे घडणाऱ्या लहान जागांपुरता केलेला वापर अल्पकाळ गुन्हे कमी करू शकतो. संपूर्ण शहरभर राबवलेल्या कार्यक्रमाविषयीचे पुरावे संमिश्र आहेत.

थांबवण्याच्या घटना घटल्यास गुन्हे वाढतील, हे भाकीत पुढील काही वर्षांत खरे ठरले नाही. शहरातील खून २०११ मध्ये ५१५, २०१३ मध्ये ३३५ व २०१७ मध्ये २९२ होते. मात्र खुनांतील मोठी घट या पद्धतीच्या विस्तारापूर्वीच, १९९० च्या दशकात झाली होती. २०२० नंतर खून पुन्हा वाढले, तशीच वाढ अमेरिकेतील इतर शहरांतही झाली. त्यामुळे केवळ या आकड्यांवरून कार्यकारणसंबंध ठरवता येत नाही.

सद्यस्थिती

२०२२ ते २०२५ या काळात महापौर असलेले एरिक ॲडम्स स्वतः निवृत्त पोलीस अधिकारी असून फ्लॉइड खटल्यात त्यांनी या पद्धतीविरुद्ध साक्ष दिली होती. २०२२ मध्ये त्यांनी बंदुकांच्या शोधासाठी विशेष पथके पुन्हा सुरू केली. या पथकांनी थांबवलेल्या लक्षणीय घटना कायद्याच्या कसोटीला उतरत नाहीत, असे न्यायालयीन देखरेख अधिकाऱ्यांच्या २०२३ च्या अहवालात नमूद आहे. जानेवारी २०२४ मध्ये शहर परिषदेने ॲडम्स यांचा नकाराधिकार डावलून, पोलिसांनी चौकशीसाठी केलेल्या कमी गंभीर स्वरूपाच्या विचारपुशीचीही नोंद ठेवणे बंधनकारक केले. अशा नोंदींमुळे कामाचा वेळ वाया जातो, असे विरोधकांचे म्हणणे होते. तर ज्या घटनेची नोंद नाही तिच्याविरुद्ध नागरिकाला दाद मागणे अवघड जाते, असे समर्थकांचे. फ्लॉइड खटल्यातही पोलिसांच्या स्वतःच्याच नोंदी मुख्य पुरावा ठरल्या होत्या.