बाभळीची मूठ, कातड्याचे म्यान

शस्त्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा पात्यापाशीच थांबतात. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात शस्त्रे आणि शिकारीच्या वस्तू पाहताना आमचीही दृष्टी प्रथम पोलादाकडेच वळते. परंतु रानात मुक्काम करणाऱ्या माणसाच्या कमरेला जो साधा सुरा असे, त्याची खरी कथा मुठीत आणि म्यानात दडलेली आहे, असे आम्हांस वाटते.

दाजीपूरचे रान हे करवीर दरबारचे शिकारीचे राखीव जंगल होते. शाहू महाराजांना (कारकीर्द १८९४ ते १९२२) शिकारीचा मोठा षोक. अशा मुक्कामात सुऱ्याने लढाई होत नसे. खुंट्या तासणे, दोर कापणे, झुडूप तोडणे, जनावर सोलणे ही त्याची कामे. म्हटले तर हत्यार, म्हटले तर अवजार.

तो घडवायला लोहार, सुतार, ढोर आणि चांभार असे चार कसबी लागत. लोहार पाते ठोकून त्याला पाणी देई, म्हणजे तापलेले पोलाद एकाएकी बुडवून कठीण करी. मग ते ठिसूळ राहू नये म्हणून पुन्हा बेताने शेकवी. मूठ बाभळीची, कारण हे लाकूड चिवट. गाडीची चाके आणि नांगरही त्याचेच. पात्याची निमुळती शेपटी तापवून लाकडात ठोकली की ती घट्ट बसे. मौज अशी की त्याच बाभळीची साल कातडे कमावण्यास लागे. ढोर मंडळी चुन्याच्या पाण्याने कातड्याचे केस काढीत, ते पिशवीसारखे शिवून टांगत आणि आत बाभळीच्या सालीचे व हिरड्याचे पाणी भरून ते मुरू देत. कोल्हापुरी चपलेचे कातडेही याच रीतीने कमावलेले. पुढे चांभार रापीने ते बेतून आरीने भोके पाडी आणि वादीने शिवी. एकाच झाडाने भट्टीला कोळसा, मुठीला लाकूड आणि म्यानाला कस पुरवला! (पावसाळ्यात मात्र पाते म्यानात ठेवू नये. कातडे ओल धरते आणि गंज चढतो. तेल लावून वेगळे ठेवावे.)

आता गावाचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. लोहार आणि सुतार गावात राहत. ढोर आणि चांभार यांची घरे गावाच्या कडेला. म्यान कमरेला बांधले जाई, अंगाला घासे, घामाने भिजे. त्याचा कोणास विटाळ होत नसे. ते शिवणारा हात मात्र पाणवठ्याला चालत नसे. या विसंगतीवर इतिहासाच्या पुस्तकांतून आम्हांस फारसे वाचावयास मिळाले नाही. शाहू महाराजांनी १९१९ साली सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने यांतून अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम काढले. पुढच्याच वर्षी, मार्च १९२० मध्ये, माणगावच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांच्या शेजारी ते उभे राहिले. गावोगावची सवय हुकमाने एकदम मोडली नाही, हे खरे. पण हुकूम निघाला तो त्याच दरबारातून, जो शिकारीचा दरबार होता.

१९५८ साली दाजीपूर अभयारण्य झाले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आले. १९६२ च्या शस्त्र नियमांनी नऊ इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे शस्त्रांत मोजले. घरकामाची व शेतीची अवजारे वगळली. साहजिकच शिकारीचा सुरा मागे पडला. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांसाठी मिळून भौगोलिक मानांकन मिळाले. म्यान शिवणाऱ्याला मात्र गिऱ्हाईक उरले नाही.

ऊसपट्ट्यात आजही हंगाम आला की लोहाराकडे धार लावायला येतो तो कोयता. त्याला लाकडी मूठ असते, म्यान नसते.