नायट्याच्या मलमाची किंमत: पिंपरीपासून जनऔषधीपर्यंत

जुलै महिना आला की साकोली तालुक्यात रोवणी सुरू होते. एकोडी आणि आसपासच्या गावांतली माणसं दिवसदिवस बांधीतल्या पाण्यात उभी असतात. पंधरा-वीस दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि ओल्या कपड्यांमुळे जांघेत नायटा पसरतो. मग दवाखान्यात हमखास ऐकू येणारा प्रश्न: "डॉक्टरसाहेब, एका ट्यूबमध्ये भागेल ना?"

बहुतेक वेळा भागत नाही. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढली, तर ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. दोन्ही जांघा मिळून चार तळहातांची जागा धरली तर एका वेळी एक ग्रॅम, दिवसातून दोनदा म्हणजे दोन ग्रॅम. 15 ग्रॅमची ट्यूब आठवड्यात संपते, आणि उपचार चालतो दोन ते चार आठवडे. म्हणजे हिशेब चार ट्यूबपर्यंत जातो. रोजंदारीवर जाणारी बाई खाज थांबली की दुसरी ट्यूब घेत नाही. बुरशी मात्र कातडीत शिल्लक असते, ती महिन्याभरात परत डोकं वर काढते. म्हणून मलमाची किंमत हा माझ्या दृष्टीने उपचाराचाच भाग आहे.

ही किंमत आजच्या पातळीला कशी आली, हे सांगण्यासारखं आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आर्थर व्हिटफील्ड या इंग्रज त्वचारोगतज्ज्ञाने एक मलम सुचवलं: 6 टक्के बेंझोइक आम्ल आणि 3 टक्के सॅलिसिलिक आम्ल. स्वस्त आणि पायाच्या जाड कातडीवर उपयोगी. जांघेत मात्र चांगलंच झोंबतं. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत बरीच वर्षं नायट्यावर हेच मिळत असे.

आता आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट. 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती, उद्देश होता देशातच पेनिसिलिन बनवण्याचा. तिथल्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीतले सूक्ष्मजीव तपासत असत. 1960 च्या सुमारास त्यांना एका जिवाणूपासून बुरशी मारणारं औषध मिळालं. कारखान्याच्या नावावरून त्याला हॅमायसिन म्हटलं गेलं, आणि जिवाणूचं नाव पडलं स्ट्रेप्टोमायसिस पिंपरीना. आपल्या पिंपरीचं नाव असं सूक्ष्मजीवशास्त्रात जाऊन बसलं! हे औषध कॅन्डिडा जातीच्या बुरशीवर, म्हणजे तोंडातल्या पांढऱ्या थरावर किंवा योनीमार्गातल्या संसर्गावर चांगलं. गजकर्ण-नायट्यावर या गटातली औषधं विशेष चालत नाहीत. पण औषध आपल्याकडेही शोधता येतं, हे त्यातून दिसलं.

त्या काळात देशात इंग्रजी अमदानीतला 1911 चा पेटंट कायदा होता. पेटंट 16 वर्षांचं, आणि तेही औषधाच्या रेणूवरच. भारत गरीब देश, पण औषधांच्या किमती जगातल्या चढ्या किमतींत मोडणाऱ्या. अमेरिकी सिनेटच्या केफॉव्हर समितीनेही हे नोंदवलं होतं. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी 1959 साली अहवाल दिला, त्यावर अकरा वर्षं काथ्याकूट झाला आणि 1970 चा पेटंट कायदा आला. 20 एप्रिल 1972 पासून तो लागू झाला. आता औषधाच्या रेणूवर पेटंट नाही, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर, आणि तेही जास्तीत जास्त सात वर्षं. दुसऱ्या पद्धतीने तेच औषध बनवायला कोणीही मोकळा.

नेमक्या त्याच सुमारास जर्मनीच्या बायर कंपनीचं क्लोट्रिमाझोल आणि बेल्जियमच्या जान्सेनचं मायकोनाझोल बाजारात येत होतं. हीच नायट्यावरची खरी मलमं. नव्या कायद्यामुळे भारतीय कंपन्यांनी ती बनवली, स्पर्धा वाढली आणि भाव उतरले. 2005 पासून रेणूवरचं पेटंट परत आलं, पण या जुन्या औषधांना त्याने काही फरक पडला नाही.

मग आजही मेडिकलमध्ये महाग ट्यूब का हातात पडते? आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतल्या औषधांना 2013 च्या आदेशानुसार कमाल किंमत ठरवून दिलेली असते. साधं क्लोट्रिमाझोल त्या यादीत आहे. पण त्यात आणखी दोन-तीन औषधं मिसळली की ते मलम यादीबाहेर जातं, आणि त्याची किंमत कंपनी ठरवते. असं मिश्रण खपवण्यात कंपनीचाही फायदा, दुकानदाराचाही.

या मिश्रणांत पुष्कळदा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते आणि माणूस खूश होतो. पण बुरशी आतल्या आत पसरते, आणि जास्त दिवस लावलं तर कातडी पातळ होऊन जांघेत कायमचे पट्टे उमटतात. 2018 साली केंद्र सरकारने अशा अनेक मलमांची सवलत काढून घेतली. ती आता चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. (प्रत्यक्षात काय चालतं, ते आपण सगळेच पाहतो.) गेल्या काही वर्षांत नायटा आपल्याकडे चिवट झाला आहे, त्यामागे या मलमांचा मोठा हात आहे असं माझं मत आहे. चार आठवडे नीट लावूनही फरक पडला नाही, तर नवी ट्यूब न घेता डॉक्टरांना दाखवा. कदाचित गोळ्या लागतील.

स्वस्तात घ्यायचं तर पहिली जागा सरकारी दवाखाना. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. तिथे मलम संपलेलं असेल तर जनऔषधी केंद्र. पहिलं केंद्र 2008 साली अमृतसरला उघडलं, 2023 च्या अखेरीस देशात दहा हजार झाली. जवळपास केंद्र नसेल, तर डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा. आम्ही तसं लिहावं, असा वैद्यक परिषदेचा 2016 चा नियमच आहे, त्यामुळे विचारायला संकोच नको. चिठ्ठीवर कंपनीचं नाव असेल तर दुकानदाराला कायद्याने ते बदलून देता येत नाही. नुसतं 'क्लोट्रिमाझोल 1 टक्का' लिहिलं असेल, तर त्याच्याकडची सगळ्यात स्वस्त ट्यूब मागता येते.